डिचोलीतला उभा ट्रक

मला लिहिण्याची सवय नाही. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. काही चुकले तर माफ करा, पण राग गप्प बसू देत नाही.

डिचोलीत आमच्या बसथांब्यामागे एक म्हातारे ड्रायव्हर रोज सकाळी आपला खनिजाचा ट्रक नुसताच सुरू करायचे. खाण बंद असल्याने गाडी कुठे जायची नव्हती. इंजिन धडधडत असताना ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहत.

“सकाळीच आमका धूर खावंक घालतास मरे!” चहावाली चिडवायची.

“बंद ठेवली तर बॅटरी मरता गो,” ते म्हणत. मग माझ्याकडे वळून, “बाबा, खाण सुरू झाली काय पयली खेप माझी!”

सरकार आता विजेच्या गाड्या आणू पाहतेय. त्या जरूर याव्यात, धूर मलाही नको. पण त्या बनवणाऱ्या कारखान्यांना कोट्यवधींचे अनुदान देताना या माणसाची आठवण एकालाही होऊ नये?

परवा चहावालीनेच त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. खाण सुरू होतेय. माल मात्र त्या अनुदानावर बनलेल्या, खाण कंपनीच्या स्वतःच्या विजेच्या ट्रकांतून जाणार आहे. गावच्या ट्रकांना बोलावणे नाही.