शेवटच्या हजार ओळी

गल्लीच्या टोकाला दोन जावांचं अंडी उबवायचं केंद्र आहे. थोरली अंडी पारखते, धाकटी कॉम्प्युटर सांभाळते. ही विद्या धाकटीने कुणाच्या पायाशी बसून घेतलेली नाही. चुकतमाकत, एकटीने कमावली. म्हणून तिचा तोरा तिला शोभून दिसतो.

यंत्राच्या पोटात किती ऊब आहे, ते दर मिनिटाला कॉम्प्युटरच्या तक्त्यात एक ओळ होऊन उतरतं. शेवटच्या ओळीत ऊब कमी दिसली की घंटा वाजते. पण तक्ता वर्षानुवर्षं फुगत गेला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो कॉम्प्युटरला धाप लागे आणि घंटा उशिरा वाजे. मागची अख्खी खेप अशीच गारठून गेली. आता यंत्र पुन्हा भरलं होतं, पिल्लं फुटायला आली होती. ही खेपही गेली असती तर केंद्राला कुलूपच.

"जुन्या ओळी काढते," धाकटी म्हणाली. "हजारच ठेवायच्या. नवी आली की एक गळेल."

"आणि मागच्या थंडीतली ऊब कुणी विचारली तर?"

"कोण विचारणार, ताई? कोंबड्या?"

"तक्त्याचं राहू दे, आधी तुझी जीभ आखूड कर," थोरली म्हणाली, पण हसून.

धाकटीने तसा हुकूम लिहिला. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. दुपारी थोरलीने आपल्या रीतीप्रमाणे यंत्रातलं एक अंडं काढून मिटल्या पापणीला लावलं.

"गार लागतंय गं."

"पडद्यावर ऊब बरोबर आहे."

"पडद्याला पापणी आहे का?"

धाकटीने शेवटच्या ओळीची तारीख पाहिली. केंद्र उघडलं त्या आठवड्यातली तारीख. हुकूम उलटा पडला होता. सगळ्यांत जुन्या हजार ओळी जपल्या जात होत्या आणि ताजी ओळ आल्या पावली पुसली जात होती. घंटा बिचारी कधीच्या काळच्या उबेवर समाधानी होती.

थोरलीने बोल लावला नाही. बटण बंद करून तिने तापणाऱ्या तारेची सैल झालेली जोडणी घट्ट केली, पुन्हा वीज सोडली, यंत्रावर घरातल्या गोधड्या पांघरल्या. "हे मी बघते. तू तुझं निस्तर."

धाकटीने क्रम फिरवला. आता जुनी ओळ जाणार, नवी राहणार. पण या खेपेला तिने नुसत्या पडद्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. ऊब मोजणारी कांडी यंत्रातून ओढून तिने गार पाण्याच्या तांब्यात बुडवली. घंटा ठणाणली.

"बास, कान फुटतील," थोरली म्हणाली.

धाकटीने कांडी पुसून जागेवर ठेवली. संध्याकाळपर्यंत अंडी पापणीला ऊन लागू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्राच्या काचेआड एक कवच हललं. मग शेजारचं. काही अंडी मुकीच राहिली, पण बाकीच्या कवचांतून अशी टकटक सुरू झाली की दोघी जावा काचेला कान लावून बसल्या, आणि चूल पेटवायचं दोघींनाही सुचलं नाही.