नवरदेवाच्या वाटेत इस्त्री

आता हे सांगितल्यावर तुम्ही हसणार, मला माहीत आहे. गेली दोन वर्षं बेंगळुरूतलं आमचं सगळं जे. पी. नगर हसतंच आहे, त्यात तुम्ही चौघे वाढलात तर माझं काय जाणार? चहा घ्या आणि ऐका. माझ्या हातून एक लग्न अडलं होतं, त्याची गोष्ट आहे.

माझी ती विजेवर चालणारी पिकअप. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढे निमुळती, मागे रुंद, अंगावर सगळ्या पत्र्याच्या सरळ घड्या. तिला इकडे सगळे ‘इस्त्री’ म्हणतात. सिग्नलला रिक्षावाले डोकं बाहेर काढून विचारतात, "अण्णा, कपडे कधी मिळतील?"

बरं, दिसते तशी दिसू दे, चालावी तरी. पाऊस आला की दारं उघडत नाहीत. एकदा भर बाजारात हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. मी आत बसून माहितीपुस्तिका वाचत होतो आणि बाहेर लोक व्हिडिओ काढत होते.

मग घेतली कशाला? घरी सांगितलं, गच्चीवरच्या बागेला खताची पोती आणायला. खरं कारण वेगळं होतं. सरकारी संशोधन संस्थेत चौतीस वर्षं मी बॅटऱ्यांवर काम केलं. डॉक्टरेटही त्यातलीच. आपण आयुष्य कशावर घालवलं ते एकदा रस्त्यावरून धावताना बघावं, एवढीच इच्छा. धावताना कमी बघितलं, उभं असलेलं जास्त.

तर आमचे शेजारी, तुकोजी अण्णा. त्यांचं मराठी घराणं बेंगळुरूत तीन-चारशे वर्षं मुरलेलं, बोलण्यात निम्मं कन्नड. त्यांच्या पल्लवीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं आणि मुलाकडून रुखवताची चौकशी आली. अण्णांच्या घरात रुखवत कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग माझी बायको, वसुधा, पुढे झाली. महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर अनारशांचा मनोरा आणि चकल्यांची बैलगाडी. मी ओट्यापाशी उभ्यानं जेवत होतो.

हे सगळं बनशंकरीच्या कार्यालयात न्यायचं होतं. अण्णा टेम्पो सांगायला निघाले. मी म्हणालो, "टेम्पो कशाला? माझी गाडी आहे की."

अण्णांनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टर, मुहूर्त दहा बावीसचा आहे."

"माहीत आहे."

"याच वर्षीचा."

पण मी हट्टच धरला. एकदा भरल्या लग्नात, सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर ही गाडी वेळेवर पोहोचली की थट्टा थांबेल. मला दुसरं काही नको होतं.

आणि पोहोचली हो. साडेनऊला कार्यालयाच्या फाटकात शिरली आणि तिथेच थांबली. अर्धी आत, अर्धी बाहेर. फाटक अरुंद. मागे नवरदेवाची मोटार, तिच्यामागे वऱ्हाडाची बस. पडद्यावर लाल अक्षरं: पुढे अडथळा. ब्रेक आपोआप लागलेले, ढकलूनही हलेना.

पुढे कोण होतं, तर ओवाळायला ताटं घेतलेल्या बायका. मी खिडकीतून म्हणालो, "जरा बाजूला होता का? ही गाडी माणसांना अडथळा समजते."

"आमचे हेही समजतात," असं म्हणत एक बाई सरकली.

अक्षरं तशीच. मग मी सनईवाले हलवले. मग कमानीला बांधलेले केळीचे खुंट सोडायला लावले. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, शुभ असतं ते." मी म्हणालो, "सेन्सरला शुभाशुभ कळत नाही, अण्णा." केळी गेली. रांगोळीचे रंग फार भडक आहेत अशी शंका आली, म्हणून झाडणाऱ्या बाईंना बोलावून रांगोळी पुसून टाकली. स्वागताची पाटी उतरवली. पाव तासात त्या दारात लग्नाची एकही खूण उरली नाही. मागच्या बसमध्ये लग्न मोडल्याची बातमी पोहोचली, असं नंतर कळलं.

नवरदेवाचे मामा मोटारीतून उतरून आले. अस्सल पुण्याचे. "अडथळा पुढे आहे असं म्हणते का ती?"

"हो."

"नक्की पुढेच ना? आत बसलाय असं नाही ना म्हणत?"

गाडी आणि भिंत यांच्यामधून एक माणूस तिरका होऊन गेला असता. मी तसं सुचवलं. मामा म्हणाले, "नवऱ्या मुलानं लग्नाला तिरकं यायचं?"

दहा वाजले. पल्लवी वरच्या खिडकीतून वाकून म्हणाली, "काका, मीच खाली येऊ का? रस्त्यावर लावू लग्न." अण्णांनी हात जोडले. "डॉक्टर, स्वल्प काहीतरी करा."

आणि मी काय करत होतो? जमलेल्या वऱ्हाडाला लिथियमचे आयन समजावून सांगत होतो. घाबरलो की मी शिकवायला लागतो.

तेवढ्यात त्या झाडणाऱ्या बाई गाडीच्या नाकापाशी वाकल्या. तिथल्या गोल काचेवर त्यांनी बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट लाल. "सार, कुंकुम." त्यांनी ओल्या फडक्यानं काच पुसली. अक्षरं गेली, ब्रेक सुटले.

ती काच म्हणजे गाडीचा कॅमेरा. कुंकू तेलात कालवून वरच्या पत्र्यावर लावलेलं, ते उन्हानं ओघळून तिच्या डोळ्यात उतरलं होतं.

सगळ्यांनी वसुधाकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "मी कशाला लावीन? दसऱ्याला गाडीची पूजा करू म्हटलं, तर यांनी तासभर व्याख्यान दिलं होतं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता काय सांगायचं? सकाळी वसुधा मनोरा बांधत होती तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चार्ज पुरेसा होता, तीनदा तपासला होता. डॉक्टरेट आठवून पाहिली, धीर येईना. शेवटी देवघरातलं कुंकू घेतलं आणि कुणी बघत नाही असं पाहून टिळा लावला. टिकावा म्हणून तेल जरा जास्तच घातलं.

"मीच लावलं," मी म्हणालो.

केळीचे खुंट धावतपळत परत बांधले गेले. मुहूर्त साधला. रुखवतही मांडून झालं, आणि मुलाकडच्या बायकांनी बैलगाडीचे फोटो काढले.

दुपारी पाठवणीच्या वेळी मामा माझ्याजवळ आले. "मुलीचं सामान स्टेशनवर न्यायचंय. आपली गाडी मिळेल का? हुशार आहे हो. दिसेना तर जागच्या जागी थांबली. माणसं थांबत नाहीत."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्याबद्दल चांगलं बोललं होतं. मी किल्ली घेऊन उठलो.

"छे छे, आपण बसा," म्हणत मामांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. "आमचा ड्रायव्हर आहे ना."

गाडीची थट्टा त्या दिवसापासून थांबली, हे मात्र खरं. आता ती कुठे रस्त्यात उभी दिसली की लोक जवळ येतात, तिच्याकडे मायेनं बघतात आणि विचारतात, "डॉक्टरांनी काय केलं?"