फुल्ल पॉवरवरचे बिबडे

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी केलेल्या बिबड्यांना बुरशी आली. हे ज्वारीचे पापड धरणगावला आमच्या गल्लीत बायका मिळून करतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. माझ्या मोठ्या जावेनं माझ्या बिबड्यांचा डबा सगळ्यांसमोर उघडला आणि म्हणाली, "हिना हातले गुण नही शे. हिले बलावू नका." मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. तो अपमान मी गिळला नाही, जपून ठेवला.

पुढे आम्ही जळगावला फ्लॅटमध्ये आलो. गच्चीला सोसायटीचं कुलूप, म्हणून मी मायक्रोवेव्हमध्ये वाळवायला शिकले. ढीगभर बिबडे जाळून शिकले. ओल असेतो मध्यम पॉवर चालते. ओल सरत आली की पॉवर अगदी खाली आणायची, थांबत थांबत फिरवायचं आणि प्रत्येक वेळी बिबड्याच्या मधोमध हात लावून बघायचा. चटका बसला तर तो बिबडा गेलाच.

यंदा जावेच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतात बिबडे हवेतच, आणि धरणगावचे ढग काही हटेनात. अर्धे ओले, आंबूस वास सुटलेले बिबडे घेऊन जाऊ रिक्षातून माझ्या दारात उतरली.

"तुन्हं मशीन दे व जरासं."

"घ्या ना, अक्का," म्हणाले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

माझ्याकडे आली की ती त्या मशीनमध्ये एकच गोष्ट करायची, जेवताना पापड भाजायची. तसंच तिनं फुल्ल पॉवरचं बटण दाबलं. मला दिसत होतं, पण तोंड उघडलं नाही. बिबडे वाळले नाहीत, भाजले गेले. मधे काळे, कडेला ओले. असले बिबडे ना टिकतात, ना तेलात फुलतात. दुसरा घाणाही तसाच गेला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती रडवेली झाली. "आते पोरनं रुखवत कसं व्हई?"

उरलेले मी वाळवून देते, म्हटलं. पण मांडवात कोणी विचारलं तर माझंच नाव सांगायचं, आणि ते तुमच्या तोंडानं. तिनं जळके बिबडे एका बाजूला सारले. मग मान हलवली.

लग्नात रुखवताभोवती गल्लीतल्या त्याच बायका जमल्या. एकीनं विचारलंच. जाऊ खाली बघत म्हणाली, "मन्ही देराणीनी वाळाडात." देराणी म्हणजे धाकटी जाऊ, म्हणजे मी.

तेवढ्यानं माझं भागलं नाही. पंगत बसेपर्यंत मी एकेक बाई तिच्याकडे विचारायला पाठवत राहिले.