मागचं फाटक मीच बंद करवलं

मंडळी, आज मन खातंय.

सावेडीतल्या आमच्या सोसायटीचं मागचं फाटक सहा महिन्यांपूर्वी बंद झालं. बाहेरच्यांच्या गाड्या मधून जायच्या, म्हणून अर्ज मीच लिहिला. कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर ना माझं!

आज ईद. मागच्या गल्लीतल्या शेखभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या, घामाघूम.

"इतक्या दिवसांनी?" मी विचारलं.

"काय करू ताई, हायवेनं फिरून यावं लागतं. गुडघे लई दुखतात. कुनी बंद केलं वो फाटक?"

"सोसायटीने," मी म्हटलं.

"त्यांच्या घरी कुनी म्हातारं न्हाई वाटतं!" त्या हसल्या.

फाटक उघडायचा अर्ज आत्ताच लिहिलाय. पण भाभींना खरं कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?