सुईत दोरा ओवणारी सोनीबाई

सोनीबाईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. गेल्या महिन्यात ती तापाने गेल्याचा निरोप तांड्यावरून आला, तेव्हा समोरच्या रोग्याची नाडी मला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली...

छप्पन्न साली मी पांढरकवड्याला दवाखाना टाकला. पुढल्याच वर्षी सासू तिला घेऊन आली. बंजाऱ्यांची ही सून भरतकामात फार हुशार. तिचा आरशांचा टाका बघायला दुसऱ्या तांड्यांवरच्या बायका यायच्या. सासू म्हणाली, "दिवसा इतकं बारीक शिवते, अन् दिवेलागण झाली का म्हणते दिसत नाही. पाणी आणाचा कंटाळा, दुसरं काय!" सोनीबाई हळूच म्हणाली, "बाजूचंबी दिसत नाही, डाक्टरभाऊ. वासरू आडवं आलं तं मी त्याच्यावरच पडतो." "वासराले तरी तू दिसते ना?" सासूने टोमणा मारला आणि मी हसलो. सुई-दोरा पुढे केला. तिने एका झटक्यात ओवला. "हिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे," मी म्हणालो. सासूने हा निकाल तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणात सगळ्यांना ऐकवला आणि सोनीबाई तांड्याची कामचोर ठरली. पाण्याला तिला मुद्दाम तिन्हीसांजेलाच पाठवू लागले.

काही वर्षांनी एका तापकऱ्याला बघायला भर दुपारी तांड्यावर गेलो होतो. ती पाणी घेऊन आली. मी बाजूने हात पुढे केला, तो तिला दिसलाच नाही. समोर धरला, तेव्हा तिने चटकन पेला दिला. मी चरकलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावून बाहुली मोठी करणारे थेंब घातले, खोलीत अंधार केला आणि डोळ्याच्या आत पाहायचा दिवा लावला. आतल्या पडद्याच्या कडेला काळे, फाटे फुटलेले डाग विखुरले होते. मधला भाग तेवढा शाबूत होता. त्याच्याच जोरावर ती सुई ओवत होती. अंधारातलं आणि बाजूचं दाखवणारी कड मरत आली होती. यावर औषध नाही. पण हा दिवा पहिल्या दिवशीही माझ्या कपाटात होता.

"म्हणजे मी सोंग नव्हतो करत ना, भाऊ?"

"नाही."

"मंग नायकासमोर सांगसान?"

येतो म्हणालो... गेलो नाही. डॉक्टर चुकतो म्हणून लोक हसतील, या भीतीने आज-उद्या करत राहिलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

तिच्या बाराव्याला गेलो. नायकाच्या अंगणात, तिच्या सासूसमोर हात जोडून म्हणालो, "तिला खरंच दिसत नव्हतं. मी नीट तपासलं नाही, आणि कळल्यावरही गप्प बसलो. सोनीबाई, मला माफ कर."