अंगणातली मॅच

बिदरच्या दुकानात मी पंखा घ्यायला गेलो होतो. तिथं एक बाई मालकाला टीव्ही बाहेर उन्हात लावून दाखवायला सांगत होत्या. त्या संध्याकाळी त्यांची लेक पहिल्यांदाच टीव्हीवर कबड्डी खेळणार होती.

"अक्का, घरात कामून लावत न्हाई?" मालकानं विचारलं.

"घरात चार माणसं मावत्यात, अण्णा. माझ्या लेकीला सगळ्या गल्लीनं बघितलं पायजे!"

रस्त्यापलीकडं जाऊन, कपाळावर हात धरून त्यांनी एकेक टीव्ही पाहिला आणि उन्हातही साफ दिसणारा निवडला. रिक्षात तो धरायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मैलूरला त्यांच्या घरापर्यंत गेलो. अंगणात भिंतीच्या सावलीला टेबल मांडून आम्ही टीव्ही लावला, तोवर गल्ली सतरंज्या घेऊन आलीच.

लेक चढाईला गेली आणि समोरच्या पोरींनी तिचा पाय धरला. सगळे ओरडत उठले. बाई मात्र पदर मुठीत आवळून, लेकीसोबत दम धरून उभ्या होत्या. लेकीनं झेप घेऊन मधल्या रेषेला हात लावला, तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मीही ओरडलो, "आली! आपली पोरगी आली!"