विन्याने शून्य टाकलं नाही

विन्या गेल्यापासून आमच्या ऑफिसात भांडणं बंद झालीत.

आणि मला हे अजिबात आवडलेलं नाही.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विनायक, राहणार उचगाव, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही दोघं एकच प्रोग्राम सांभाळायचो. लॅबच्या मशीनकडून रक्ताच्या तपासणीचे आकडे घ्यायचे, कोडमधून त्यांची एक्सएमएल फाइल तयार करायची आणि हॉस्पिटलला पाठवायची. तिथं ती डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसते.

एक्सएमएल म्हणजे फडताळातले नावं लिहिलेले डबे समजा. ह्यात साखर, ह्यात हिमोग्लोबिन. त्या डब्यांना आम्ही टॅग म्हणतो; उघडलेला प्रत्येक टॅग शेवटी बंद करावाच लागतो.

सकाळपासून काही जणांनी स्टेटस टाकलेत, 'टॅग बंद न करताच गेलास मित्रा' वगैरे. कृपा करा, नका टाकू. त्याने वाचलं असतं तर एकेकाला फैलावर घेतलं असतं.

तर, ह्या प्रोग्रामच्या पहिल्याच ट्रायलला एका बाईंचं हिमोग्लोबिन शून्य आलं.

आम्ही सगळे खो खो हसलो. अहो, बाई स्वतःच्या पायांनी लॅबमध्ये चालत आल्या होत्या!

झालं होतं असं, की त्यांची ती तपासणी केलीच नव्हती. पण आमच्या कोडमध्ये आकड्याची जागा मोकळी राहिली की तिथं आपोआप शून्य बसायचं. प्रोग्रामने ते शून्य इमानेइतबारे फाइलमध्ये भरलं.

विन्या हसला नाही.

"दात काय काढताय? हिमोग्लोबिन शून्य बघून डॉक्टर पण हसंल. पण ज्या तपासणीत शून्य म्हणजे पेशंट ठणठणीत, तिथं कोण हसणार हाय? घरी सोडतील की त्याला!"



मग त्याने कोड बदलला. तपासणी झाली नसेल तर तो टॅग बनवायचाच नाही. त्याऐवजी 'तपासणी झाली नाही' असा शेरा जाऊ दे.

आता हॉस्पिटलची सिस्टिम फाइल घेईना. तिला प्रत्येक टॅग पाहिजे, आणि त्यात आकडा पाहिजे.

आमचे सर म्हणाले, "विनायक, टाक की शून्य. डॉक्टरांना कळतंय."

"न्हाय कळत सर. आपण जे लिवू तेवढंच त्यास्नी दिसतंय."

"फाइल आज जायला पाहिजे."

"खोटी फाइल मी न्हाय पाठवणार."

असा आवाज चढला की खालच्या मजल्यावरच्या ट्यूशन क्लासची पोरं जिन्यात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हा गडी सरळ हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात गेला. "पावणं, तुमची सिस्टिम जरा दावा की," म्हणून तिथंच ठाण मांडून बसला. त्यांनी बदल करून दिला तेव्हाच उठला.

परत येऊन मला म्हणाला, "झालं. च्या सांग."

बस. एवढंच. कौतुक नाही, काही नाही. सर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी त्याला डेंग्यू झाला. त्याच हॉस्पिटलात ॲडमिट केला. पडल्या पडल्या त्याने मला स्वतःच्या रिपोर्टचा फोटो पाठवला.

"सॅम्पलात रक्ताची गुठळी झाली माझ्या, मोजता आलं न्हाय. प्लेटलेटचा आकडा न्हाय, शेरा आलाय. डॉक्टरनं बघितल्या बघितल्या परत रक्त घेतलं. बघितलंस काय रूपे? नाद करायचा न्हाय!"

मी लिहिलं, "गप पड आणि नारळपाणी पी."

आमचं शेवटचं बोलणं हे.

फाइल बरोबर होती. दुसरा रिपोर्ट वेळेत आला. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही.

तरी गेला.

ह्याचा राग कोणावर काढायचा, सांगा? कुणाची चूक असती तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

आता खरं सांगते, हे सगळं आज का लिहितेय.

ह्या आठवड्यात नवीन हॉस्पिटलचं काम आलंय. त्यांच्या सिस्टिमलाही प्रत्येक टॅगमध्ये आकडा पाहिजे. आणि ते बदल करून द्यायला तयार नाहीत. सरांनी मला सांगितलं, "विनायकची ती अट काढून टाक आणि शून्य जाऊ दे." काढायला काय, एक ओळ आहे.

मी 'बघते सर' म्हणून वेळ मारून नेली.

आज वर्षश्राद्धाला उचगावला गेले होते. त्याच्या बायकोने, शीतलवहिनींनी, वाढता वाढता विचारलं, "ह्यांनी केलेलं अजून चालतंय न्हवं?"

"चालतंय की वहिनी," म्हटलं.

हात धुवून बाहेर आले, तर सरांचा फोन. "रूपाली, झालं का ते?"

मी चपलांच्या ढिगात उभी होते.

"नाही सर. मी काढणार नाही. मी त्या हॉस्पिटलात जाऊन बोलते."

सर म्हणाले, "तूसुद्धा? सोमवारी केबिनमध्ये ये."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघ बाई, तुझं तू." तो रागावला नाही, घाबरलाय.

मीही घाबरलेय. मी नाही म्हटलं म्हणून ती ओळ वाचेल असं नाही. सर दुसऱ्या कोणाला बसवतील आणि तो एका मिनिटात काढून टाकेल. मग माझी नोकरी पण जाईल आणि ओळ पण. कळतंय मला.

तरी सोमवारी मी हेच सांगणार आहे.

विन्या, तू सरांच्या अंगावर आवाज चढवायचास तेव्हा मी मान खाली घालून कीबोर्ड बडवत बसायचे. वाटायचं, ह्याला काय, ह्याला कशाची भीतीच नाही.

दुपारपासून माझ्या पोटात गोळा आलाय रे.

तुलाही यायचा का? शेजारी बसून मी एकदाही विचारलं नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली, मर्दा. जिथं असशील तिथं सुखात राहा.